मिरजेच्या जुन्या गॅरेजातलं कार रेडिओचं सामान: ओळखायला मदत हवी

नदीकाठ · रविवार, १९:१२

नमस्कार मंडळी. एरवी माझा मुक्काम पाककृतींच्या विभागात असतो, गाड्यांच्या विभागात ही पहिलीच फेरी.

मिरजेला सासऱ्यांचं मोटर गॅरेज होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता जागा भाड्याने द्यायची म्हणून माळा रिकामा करायला घेतला, तर गोणपाटात गुंडाळलेलं हे सगळं निघालं. अण्णा (सासरे) म्हणतात, "कार रेडिओचं सामान आहे, फेकू नका." पण कुठला तुकडा कशाचा हे त्यांना सलग आठवत नाही. ऐकायलाही कमी येतं, त्यामुळे त्यांना काही विचारलं की त्यांच्याआधी गल्लीला कळतं. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, त्याला थोपवून धरलंय.

फोटोंना क्रमांक दिलेत. पहिल्यात जड पत्र्याची काळी पेटी आहे, पुढे पाच बटणं आणि दोन दांडे. मागून जाड वायर निघते, तिच्यात फ्यूजची नळी, फ्यूजवर १४ लिहिलंय. पेटीत काचेचे दिवे आहेत: ७ए७, ७क्यू७, ७सी६, ७सी५ अशी नावं वाचता आली. सोबत एक काळा, पत्र्याचा, त्यावर ०झेड४. दुसऱ्या फोटोत अॅल्युमिनियमचा गोल डबा, खाली चार पिना, हलवला की आत भुगा सरकल्यासारखं होतं. तिसऱ्यात नुसती डायलची काच, ५५ पासून १६० पर्यंत आकडे आणि ६४ व १२४ च्या आसपास दोन बारीक त्रिकोण. चौथ्यात स्पीडोमीटरच्या केबलसारख्या दोन केबली, टोकाला लहानशी डायलची डबी. पाचव्यात किरकोळ सामान: टोकदार स्प्रिंगा, दोन्हीकडे स्क्रू असलेल्या तपकिरी कांड्या, एकच वायर असलेली डबी. सहाव्यात फिलिप्सचा सपाट रेडिओ, त्यावर 'टर्नोलॉक' लिहिलंय.

एवढ्यातून काही जुळतंय का? इथल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांनी मीटर लावून बाकीचे दिवे चांगले आणि ०झेड४ मेलेला असा निकाल दिलाय.

खवचट_काका · रविवार, १९:३०

फोटो ३ आणि ५ दिसत नाहीयेत. बाकी, पाककृती विभागातून आलात म्हणजे वर्णन व्यवस्थित असणारच. इथले लोक 'एक पार्ट मिळालाय, काय आहे?' एवढंच लिहून गायब होतात.

नवा_गडी · रविवार, २०:०५

७ म्हणजे ७ व्होल्ट असणार. मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी लावून बघा ना थोडा वेळ, चालतोय की नाही ते लगेच कळेल.

जुना_सोल्डर · रविवार, २०:११

ताई, बॅटरी लावू नका. सविस्तर रात्री लिहितो.

भंगारप्रेमी · रविवार, २०:४०

विकायचं असेल तर व्यनि करा. सगळ्याचे मिळून दोन हजार देतो, मिरजेला येऊन घेऊन जाईन.

जुना_सोल्डर · रविवार, २३:२६

आता निवांत. फोटो पुन्हा चढवलेत तेही पाहिले.

पहिली गोष्ट, हा एक रेडिओ नाही. किमान तीन वेगवेगळ्या काळांतलं सामान एका गोणपाटात आहे. गॅरेजात असंच होतं. गाडी विकताना गिऱ्हाईक म्हणतं रेडिओ काढून ठेवा, आणि मग तो कायमचा तिथेच राहतो.

पेटीपासून सुरू करू. ७ ने सुरू होणारे हे काचेचे दिवे म्हणजे व्हॉल्व्ह, 'लोक्टल' जातीचे. सिल्व्हेनिया कंपनीने १९३८ च्या सुमारास आणले आणि कार रेडिओत ते बरेच वापरले गेले, कारण गाडीच्या हादऱ्यांनी साधा व्हॉल्व्ह सॉकेटमधून सैल होतो. लोक्टलच्या मधल्या खुंटीला खाच असते, ती सॉकेटच्या स्प्रिंगमध्ये अडकते. काढताना सरळ ओढू नका, एका बाजूला किंचित कलवा, 'टक' होऊन सुटतो. ७ हा आकडा फसवा आहे. यांचा हीटर (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचाच, ६ ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हसारखा. लोक्टलमध्ये १२ व्होल्टवाले १४ ने सुरू होतात.

तरी फक्त व्हॉल्व्हच्या आकड्यावरून गाडीची बॅटरी ठरवू नये. १२ व्होल्टच्या गाडीतही ६.३ चे व्हॉल्व्ह जोडीजोडीने सिरीजमध्ये घालत. युरोपियन 'ई' मालिकेत (ईसीएच४२, ईएल४१ वगैरे) हे सर्रास दिसतं. इथे साक्ष देतोय तो फ्यूज. ६ व्होल्टचा व्हॉल्व्ह सेट ६ ते ८ अँपिअर खातो, म्हणून १४ चा फ्यूज. तोच सेट १२ व्होल्टचा असता तर अर्ध्याच करंटमध्ये भागलं असतं आणि फ्यूजही अर्ध्याचा दिसला असता. म्हणजे पेटी ६ व्होल्टची. १२ लावले असते तर चारही हीटर गेले असते, आणि हे व्हॉल्व्ह आता कोपऱ्यावर मिळत नाहीत.

चार पिनांचा डबा म्हणजे व्हायब्रेटर, या सेटचं हृदय. व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात, बॅटरी देते सहा. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून या डब्यात एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते आणि बॅटरीचा करंट आलटून पालटून ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना देते. अमेरिकन व्हायब्रेटर साधारण ११५ हर्ट्झचे. सरकतोय तो भुगा आतल्या फोम रबराचा, आवाज दाबायला घातलेला. रबर मेलं म्हणजे व्हायब्रेटर मेला असं नाही.

आणि तुमच्या टीव्हीवाल्या दादांना सांगा, ०झेड४ ला फिलामेंटच नसतो! आत गॅस असतो, थंड कॅथोडचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा, आहे तो. मीटरवर फिलामेंट तुटलेलाच दिसणार. अशाच निकालावर किती चांगले ०झेड४ कचऱ्यात गेले असतील देव जाणे.

नदीकाठ · सोमवार, ०७:५०

बाप रे. ०झेड४ कचऱ्याच्या डब्याशेजारीच ठेवला होता, उचलून आणला. कलवून काढायची युक्ती चालली. काल मी एक सरळ ओढून बघत होते आणि सॉकेटच वर यायला लागलं होतं.

अण्णांना 'व्हायब्रेटर' शब्द मोठ्याने सांगितला तर एकदम खुलले. म्हणे त्याचा 'गूंऽऽ' आवाज आला की रेडिओ लागायला अजून अर्धा मिनिट, तोवर पान जमवायचं.

किंग्सवे५४ · सोमवार, ०९:१५

पेटीच्या खालच्या बाजूला कंपनीची पट्टी असते, ग्रीसखाली दडलेली. रॉकेलच्या बोळ्याने पुसा, खरवडू नका. पाच बटणं आणि दोन दांड्यांतलं अंतर बघता मला ही क्रायस्लर घराण्यातली वाटतेय: डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो. आपल्याकडे या गाड्या भरपूर होत्या, कारण प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून त्या जोडायला घेतल्या. फियाट नंतर आली. दक्षिण महाराष्ट्रातल्या डॉक्टर, वकील, साखर कारखान्यांच्या मंडळींकडे हमखास डॉज असायची.

तसं असेल तर आणखी एक सांगतो. क्रायस्लरच्या गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्ट आणि *पॉझिटिव्ह अर्थ*. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. माझ्या गाडीत एका वायरमनने 'उलटी लागलीय' म्हणून बॅटरी 'सुलटी' करून दिली होती. डायनॅमो पुन्हा पोलराइज करावा लागला.

नवा_गडी · सोमवार, ०९:४०

मग हा रेडिओ निगेटिव्ह अर्थवर लावला तर जळेल?

जुना_सोल्डर · सोमवार, १०:३०

नाही, आणि यातली गंमत पाहण्यासारखी आहे. चार पिनांचा व्हायब्रेटर फक्त करंट तोडतो-जोडतो. पुढे ट्रान्सफॉर्मर आणि मग ०झेड४ रेक्टिफाय करतो. त्यामुळे बॅटरी कशीही लावा, हाय टेन्शन (व्हॉल्व्हला लागणारे ते दोन-अडीचशे व्होल्ट) योग्यच निघतं. हीटरलाही फरक पडत नाही. मात्र पाच-सहा पिनांचा व्हायब्रेटर असेल तर तो बहुधा 'सिंक्रोनस', स्वतःच रेक्टिफायही करणारा. त्याला पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे कुठे, ते कळते. उलटी लावली की हाय टेन्शन उलटं आणि फिल्टर कंडेन्सरची वाट. म्हणून पिना मोजायच्या.

फोटो ६ मधला फिलिप्स मात्र ट्रान्झिस्टरचा आहे, तिथे उलटी बॅटरी म्हणजे खेळ खलास. त्याच्या मागे पोलॅरिटी बदलायची छोटी प्लग-पट्टी आहे का बघा. त्या काळात मॉरिस-ऑस्टिन जातीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आणि फियाट निगेटिव्ह, एकच रेडिओ दोन्हीकडे खपायला हवा म्हणून ही सोय असे.

लॅमिंग्टन_वारी · सोमवार, १३:०५

फोटो ५ माझ्याकडे लागला. हे सगळं 'सप्रेशन'चं सामान, म्हणजे इंजिनची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून.

तपकिरी कांड्या: डिस्ट्रिब्युटरची जाड वायर मध्ये कापून दोन्ही टोकं या स्क्रूंवर फिरवून बसवायची. आत दहा-पंधरा हजार ओहमचा रेझिस्टर असतो. मीटरवर मोजून बघा.

एक वायरची डबी: डायनॅमोचा कंडेन्सर, अर्धा किंवा एक मायक्रोफॅरडचा. तो डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलवरच लावायचा. फील्डच्या लहान टर्मिनलवर लावला तर कटआउटशेजारच्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. रेडिओची खरखर गेली आणि आठवड्याने चार्जिंगही गेलं, असे किस्से यातूनच.

टोकदार स्प्रिंगांवर मी बराच वेळ अडलो. मग आठवलं. पुढच्या चाकाच्या ग्रीसच्या टोपीत बसवायच्या आहेत, टोक स्टब अॅक्सलला टेकतं. कोरड्या रस्त्यावर चाकात स्थिर वीज साठते, बेअरिंगमधलं ग्रीस तिला वाट देत नाही, मग ती ठिणग्यांनी उडते आणि रेडिओत कडकड ऐकू येते. स्प्रिंग तिला वाट देते. मूळ जोडी मिळणं कठीण, फेकू नका.

खवचट_काका · सोमवार, १३:२२

म्हणजे चाकापासून रेडिओ दुरुस्त करायचा. आजकालचे लोक ब्लूटूथ पेअर होत नाही म्हणून रडतात.

नदीकाठ · सोमवार, २१:४०

रॉकेलचा बोळा फिरवला. पट्टी निघाली! 'मोपार' स्पष्ट आणि खाली 'फिल्को'. नंबराचा अर्धा भाग गंजलाय. फिलिप्सच्या मागे खरंच दोन पिनांची उलटसुलट बसणारी पट्टी आहे, शेजारी अधिक-उणेच्या खुणा.

डायलच्या त्रिकोणांबद्दल अण्णांचं म्हणणं, ती सांगली केंद्राची खूण. कुणीतरी गिऱ्हाइकासाठी रंगवून घेतली असेल.

किंग्सवे५४ · सोमवार, २१:५५

मोपार म्हणजे क्रायस्लरचा स्वतःचा सुट्या भागांचा ब्रँड. लागला निशाणा. फिल्को त्यांना रेडिओ बनवून द्यायची आणि फिल्कोचं लोक्टलवर भारी प्रेम होतं. सगळं जुळतंय.

हौशी_हॅम · सोमवार, २२:१०

सांगलीची थिअरी वाटते तितकी वेडी नाही. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर, आणि त्रिकोण १२४ च्या, म्हणजे १२४० च्या जवळ. पण मग ६४ वर कोण? मुंबई ५५८, पुणे ७९२, नागपूर ५८५. ६४० वर आपल्याकडचं ओळखीचं कुणी नाही.

सॅनहोजेकर · मंगळवार, ०८:१७

इकडून लिहितोय, त्रिकोण पाहिल्याबरोबर ओळखले. ही शीतयुद्धाची खूण आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत 'कॉनेलरॅड' योजना आली. हल्ल्याचा इशारा झाला की नेहमीची सगळी रेडिओ केंद्रं बंद करायची आणि फक्त ६४० व १२४० किलोसायकलवर सूचना द्यायच्या, तेही केंद्रं आलटून पालटून. कारण शत्रूची बॉम्बर विमानं रेडिओ केंद्राच्या लहरींवर दिशा धरून शहरापर्यंत येऊ शकत. लोकांना हे दोन आकडे पटकन सापडावेत म्हणून १९५३ ते १९६३ या काळात तिथे विकल्या जाणाऱ्या रेडिओंच्या डायलवर ते त्रिकोण छापणं बंधनकारक होतं. इथल्या जुन्या बाजारांत लोक रेडिओचं वय यावरूनच काढतात.

म्हणजे ही काच १९५३ नंतरची.

खवचट_काका · मंगळवार, ०८:४५

सोव्हिएत बॉम्बरसाठी काढलेले त्रिकोण मिरजेत सांगली केंद्र ऐकायला वापरले गेले असतील तर यापेक्षा चांगला वापर मला सुचत नाही.

जुना_सोल्डर · मंगळवार, ११:००

सॅनहोजेकर, उत्तम. आणि इथेच एक गाठ सुटते. लोक्टलचा हा संच चाळिशीच्या दशकातला. पन्नाशीत शिरता शिरता कार रेडिओ लहान, सात पिनांच्या व्हॉल्व्हवर गेले, ६बीए६, ६बीई६ वगैरे. मग १९५३ नंतरची काच या पेटीवर कशी? माझ्या मते ती या पेटीची नाहीच. ताई, काच पेटीच्या खिडकीवर ठेवून भोकं जुळतात का बघाल?

अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये साध्या गाड्यांचं उत्पादन युद्धामुळे थांबलं, ते १९४५ च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. म्हणजे पेटी एकतर त्याच्या जेमतेम आधीची किंवा १९४६ नंतरची. कुर्ल्यातलं साल धरलं तर दुसरी शक्यता जास्त.

फोटो ४ राहिला. केबली याहून जुन्या. तिशीत रेडिओचा डबा एवढा मोठा असे की तो डॅशबोर्डमागे, पायांच्या वर बोल्टने बसवत आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर ही छोटी डबी. एक केबल स्टेशन फिरवायला, दुसरी आवाजाला. मूळ डबा नसेल तर यातून काही वाजणार नाही, पण एखाद्या युद्धपूर्व गाडीच्या मालकाला ही डबी सोन्यासारखी.

नदीकाठ · मंगळवार, २०:३०

काच जुळत नाही. खिडकीपेक्षा दोन बोटं लांब आहे आणि भोकंही वेगळी. दुसऱ्याच रेडिओची ठरली.

केबलच्या डबीबद्दल अण्णा म्हणतात ती 'संस्थानच्या गाडीची'.

किंग्सवे५४ · मंगळवार, २०:४१

मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या गॅरेजात एक वस्तू संस्थानच्या गाडीची असते. खरंही असेल. कागद सापडेपर्यंत डबीवर तशी चिठ्ठी चिकटवू नका.

नदीकाठ · मंगळवार, २०:५८

कागदावरून आठवलं! बिस्किटाच्या डब्यात पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक आहे. नाव-पत्ता आहे म्हणून फोटो टाकत नाही. मेकच्या रकान्यात फिलिप्स, वर्ष १९६९, आणि पुढे दरवर्षीचे पोस्टाचे शिक्के.

हौशी_हॅम · मंगळवार, २१:२०

मग फोटो ६ चा जन्मदाखला मिळाला. नव्या पिढीसाठी: रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून वार्षिक परवाना लागायचा, गाडीतल्या रेडिओलासुद्धा. ऐंशीच्या दशकात ते संपलं. १९६९ म्हणजे विविध भारतीवर जाहिराती सुरू होऊन दोनेक वर्षं झालेली, त्या १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूरपासून सुरू झाल्या. गाडीत रेडिओ घ्यायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. टर्नोलॉक म्हणजे आवडती स्टेशनं आधीच पक्की करून ठेवायची फिलिप्सची युक्ती.

लॅमिंग्टन_वारी · मंगळवार, २२:०२

फिलिप्स उघडलात तर एएफ११७ किंवा त्याच कुळातले चार पायांचे ट्रान्झिस्टर शोधा. त्यांच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवतात आणि आतल्या जोडण्या डबीला शॉर्ट होतात. सेट मुका किंवा फार क्षीण. चार पायांपैकी एक नुसता शिल्डचा असतो, तो कापला की बरेचदा रेडिओ पुन्हा बोलतो. नवा ट्रान्झिस्टर शोधण्याआधी हे करून बघा.

मोपारच्या व्हायब्रेटरऐवजी मॉस्फेटचा (एक जातीचा ट्रान्झिस्टर) इलेक्ट्रॉनिक व्हायब्रेटर त्याच चार पिनांवर बनवता येतो. मी देईन बनवून. पण तो पोलॅरिटी बघून बनवावा लागतो, तेव्हा गाडी आधी ठरवा.

किंग्सवे५४ · मंगळवार, २२:१५

मग 'गूंऽऽ' कुठून येणार? अण्णांनी पान कधी जमवायचं?

जुना_सोल्डर · मंगळवार, २३:०५

दोघांचं बरोबर आहे. रोज गाडीत ऐकायचं असेल तर मॉस्फेट. घरात मांडून अधूनमधून वाजवायचं असेल तर मूळचा साफ करा. डबा खालच्या कडेने उलगडतो, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसायचे, रबराचा चिकट थर काढायचा.

पण त्याच्या आधी एक काम, आणि ते टाळलं तर बाकी सगळं पाण्यात. ट्रान्सफॉर्मरच्या हाय टेन्शन बाजूला एक मेणाचा कंडेन्सर असतो, त्याला बफर म्हणतात. ०.००५ ते ०.०१ मायक्रोफॅरडच्या दरम्यान, १६०० व्होल्टचा. तो पट्टीच्या प्रत्येक तोडीला उठणारा विजेचा झटका गिळतो. इतक्या वर्षांनी तो गळकाच असणार. गळका बफर आधी व्हायब्रेटरचे पॉइंट खातो, मग ट्रान्सफॉर्मर, आणि तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शोधत फिरावं लागतं. नवा पॉलिप्रॉपिलिनचा घाला, किंमत मूळचीच ठेवा, कमीजास्त नको. ती ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेली असते. बाकीचे मेणाचे आणि फिल्टरचे कंडेन्सर ओघाने बदलायचेच.

मग ६ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये हेडलाइटचा बल्ब, आणि स्पीकर जोडूनच चालू करा. बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. आत अडीचशे व्होल्ट असतात, तेव्हा हे काम एकटीने करू नका.

भंगारप्रेमी · बुधवार, ०७:३०

अडीच हजार.

खवचट_काका · बुधवार, ०७:३४

रेडिओ लागायच्या आधीच लिलाव लागला.

नदीकाठ · बुधवार, २१:१०

भंगारप्रेमी, विकायचं नाही. भंगारवाल्यालाही परत पाठवलं.

फिलिप्स माझ्या दिराला हवाय, त्याच्याकडे फियाट आहे. लॅमिंग्टन_वारी, शिल्डचा पाय कुठला हे ओळखायला आतला फोटो व्यनि करते. केबलची डबी कुणा युद्धपूर्व गाडीवाल्याला खरंच उपयोगी पडणार असेल तर किंग्सवे५४ यांनी सुचवावं, तशीच देऊ. त्रिकोणवाली काच मी ठेवणार. मोपार अण्णांचा. सांगलीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांना बफरचं दाखवलं, ते म्हणाले "आणा, पण घाई करू नका."

एकच शंका. लोक्टलच्या पिना काळ्या पडल्यात, त्या घासून साफ केल्या तर चालेल ना?

जुना_सोल्डर · बुधवार, २१:४८

घासू नका. लोक्टलच्या पिना म्हणजे काचेतून थेट बाहेर आलेल्या तारा, साध्या व्हॉल्व्हसारख्या बेकेलाइटच्या बुडात रोवलेल्या नाहीत. जोर लागला की पिनेच्या मुळाशी काच तडकते आणि हवा आत जाते. कॉन्टॅक्ट क्लीनर लावून व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये दोन-चार वेळा कलवून घाला-काढा, तेवढं पुरतं. सॉकेटचे कॉन्टॅक्ट सैल असतील तर ते मेकॅनिकला दाबून घ्यायला सांगा.